सर्व ठीक, हालचाल आहे

दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर बाबांचा फोन उघडा पडला होता. पाठ काढलेली, बॅटरी एका बाजूला, फुटलेली काच दुसऱ्या बाजूला, मधे नुसती हिरवी पट्टी. आणि बरोबर बारा वाजता माझ्या हातातला माझा फोन वाजला. बाबांच्या नंबरावरून मेसेज होता. "सर्व ठीक. हालचाल आहे."

मी मेसेजकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, मग परत मेसेजकडे. 

कारण हा मेसेज बाबा पाठवत नाहीत. तो त्यांचा फोन पाठवतो, आपला आपण, दर दोन तासांनी. मीच त्याला तसं शिकवलंय. आणि तो फोन आत्ता माझ्या डोळ्यांसमोर आतडी बाहेर काढून पडलेला!

"दादा, तुम्ही याला कुठून वीजबीज दिलीय का?"

दुरुस्तीवाल्याने मान वर न करता चिमट्याने बॅटरी दाखवली. "ताई, जीव इथे ठेवलाय. बोलेल कुठून?"

"मग हे काय आहे?" मी मेसेज त्याच्या नाकासमोर धरला.

त्याने वाचला. "सिम कुठाय?"

सिम बाबांकडे होतं. सकाळी ऑफिसला येताना मी त्यांच्याकडून फुटका फोन घेतला, तेव्हाच त्यांनी सिम काढून आपल्या जुन्या बटणवाल्या फोनमध्ये घातलं होतं. म्हणजे मेसेज त्या डबड्यातून आला. पण त्या डबड्यात माझा प्रोग्रॅम नाही. असणं शक्यच नाही. त्यात टॉर्च लागते हेच त्याच्या मानाने खूप.

"मग माणसानेच पाठवला असेल," दुरुस्तीवाला म्हणाला आणि परत कामाला लागला. त्याला काय, एवढंच तर होतं. 

आता सगळं सांगायलाच हवं.

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहतात. दोन खोल्या, दुसरा मजला, खाली एका शिंप्याचं दुकान. त्यांना अधूनमधून चक्कर येते. माझ्याकडे राहायला या म्हटलं की "माझ्या खिडकीला काय वाईट झालंय?" असं विचारतात. फोन उचलत नाहीत, उचललाच तर "ठीक आहे" म्हणून ठेवून देतात. आमचं दोघांचं डोकं एकसारखं तापट, त्यामुळे पाचव्या मिनिटाला भांडण ठरलेलं. ते मला तोफ म्हणतात. मी काही म्हणत नाही, पण दारूगोळा कुठून आला हे सगळ्यांना माहीत आहे.

मी गाड्या कुठे आहेत ते कळवणाऱ्या डब्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते, पोटापाण्याचा धंदाच तो. म्हटलं, गाडीचं कळतं तर बापाचं का नाही कळणार? फोन खिशात असला की माणूस हालला की फोन हालतो. दोन तासांत हालचाल दिसली तर फोनने मला तसं कळवायचं, नाही दिसली तर बोंब मारायची. आधी साधं ॲप केलं. फोनने ते दिवसातून तीनदा मारून टाकलं. बॅटरी वाचवतो म्हणे! मागे चालणारी नको ती पंचवीस भुतं चालतात याला, आणि माझं एक ॲप तेवढं जड झालं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की म्हटलं, थांब, बघतेच तुझ्याकडे.

मग ॲपचा नादच सोडला. फोनचं कंपनीचं कुलूप तोडलं आणि थेट चिपच्या भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याला चिन्ह नाही, पडदा नाही, आवाज नाही. फोन सुरू झाला की हाही उठणार आणि मागच्या मागे काम करत बसणार, फोनला मारता येणार नाही असा. असला प्रोग्रॅम फोनवर बनवत नाहीत. लॅपटॉपवर बसून त्या चिपच्या मापाने बांधायचा आणि तयार झाला की फोनमध्ये नेऊन ठेवायचा. शिंप्याने माप घ्यावं आणि आपल्या दुकानात बसून शिवावं, तसं. तीन आठवडे गेले त्यात. माझ्या फोनवर तो झकास चालला.

मेसेजचे शब्द बाबांच्याच नोकरीतले घेतले. बाबा एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. दर दोन तासांनी टाकीची पातळी बघायची आणि वहीत लिहायचं, "पातळी ठीक. पंप चालू." ताप असो, वादळ असो, त्यांची एक नोंद कधी चुकली नाही. म्हणून गमतीने मी लिहिलं, "सर्व ठीक. हालचाल आहे." सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत, दिवसाला सात नोंदी. बाबांना दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे आता मी टाकी झालो."

बसवला त्या दिवशी मी घाईत होते. फोनमध्ये घातला, फोन बंद करून चालू केला आणि बस पकडायला पळाले. पहिला मेसेज दोनला यायचा होता. आला नाही. सव्वादोन झाले तरी नाही. भर बसमध्ये मी बाबांना फोन केला आणि, सांगायला लाज वाटते, अक्षरशः रडले. "तीन आठवडे घातले हो बाबा त्यात! झोप नाही, जेवण नाही, आणि मेलं चालत नाही!" बाबा म्हणाले, "अगं थांब, रडतेस काय? यंत्र आहे, गरम व्हायला वेळ लागत असेल." आणि दोन एकतीसला मेसेज आला. मी बसमध्ये ओरडलेच. शेजारची बाई दचकून उठून दुसरीकडे जाऊन बसली.

पहिला आठवडा मी प्रत्येक मेसेज वाचला. सगळे सारखे. मग कंटाळा आला. रोज सात वेळा "सर्व ठीक" कोण वाचत बसणार? म्हणून माझ्या फोनवरही एक छोटा प्रोग्रॅम टाकला, पहारेकरी. बाबांचा मेसेज "सर्व ठीक" असा सुरू झाला की पहारेकऱ्याने गुपचूप टिक करायची आणि मेसेज पुसून टाकायचा. वेळेवर आला नाही किंवा दुसरं काही आलं, तर मात्र भोंगा. चौदा महिन्यांत भोंगा एकदाही वाजला नाही. ऑफिसात मी काय मिरवायचे! माझ्या शेजारी बसणारा ढापण्या एकदा नोंदी बघून म्हणाला, "तुझा प्रोग्रॅम घड्याळ बघत नाही वाटतं. कधी दोन वाजून तीन, कधी दोनला दोन कमी." त्याला मी अर्धा तास सुनावलं की फोन झोपतो, मग जागा होतो, त्यात थोडं मागेपुढे होतंच, आधी अभ्यास कर.

आणि हो, बाबांना फोन करणं कमी झालं. रोजचा आठवड्यावर गेला, आठवड्याचा पंधरवड्यावर. ठीक आहेत हे कळत होतं ना, मग कशाला उगीच भांडायचं?

त्या दिवशी दुकानात पाय ठेवतानाच मी पहारेकरी बंद केला होता. फोन दुरुस्तीला म्हणजे मेसेज येणार नाही, आणि लोकांत भोंगा वाजला तर शोभा होईल, म्हणून. तो बंद होता म्हणूनच बाराचा मेसेज थेट माझ्या हातात वाजला.

एक वाजता फोन नवी काच लावून मिळाला. मी तो घेऊन धावत वर ऑफिसात गेले आणि लॅपटॉपला जोडला. माझा प्रोग्रॅम काम करताना स्वतःची डायरी लिहितो. ती उघडली. रिकामी. एक अक्षर नाही. चौदा महिन्यांची डायरी आणि कोरी करकरीत!

मग हाताने प्रोग्रॅम चालवून पाहिला. फोनने सरळ तोंडावर मारलं: चालवता येत नाही, ही फाइल या यंत्राची नाही.

बाबांचा फोन जुना, स्वस्तातला, बत्तीस बिटच्या चिपचा. माझा चौसष्टचा, म्हणजे मापच वेगळं. दोन्हींसाठी मी वेगवेगळं बांधलं होतं, नाव एकच, फोल्डर दोन. आणि त्या घाईत मी बाबांच्या फोनमध्ये माझ्या मापाचा सदरा कोंबून आले होते. वर शहाणपणा असा की सुरू करताना काही चुकलं तर कुठेही दाखवू नकोस, असंही मीच लिहून ठेवलेलं. बाबांना पडद्यावर भलतंसलतं दिसून ते घाबरू नयेत म्हणून!

"काय झालं गं? चेहरा पांढराफटक पडलाय," ढापण्या म्हणाला.

"चाललाच नाही," मी म्हटलं.

"केव्हापासून?"

"कधीच."

ढापण्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग ते दोन वाजून तीन..."

"गप बस," मी म्हटलं. त्याचा काहीही दोष नव्हता. घड्याळात दोन वाजत होते आणि माझा फोन परत वाजला. "सर्व ठीक. हालचाल आहे." आता कोण हालतंय ते मला कळलं होतं.

मी बाबांच्या फोनवरचे पाठवलेले मेसेज उघडले. माझ्याकडचे पुसले गेले होते, त्यांच्याकडचे सगळे जागच्या जागी होते. जवळजवळ तीन हजार. सगळे माझ्या नावावर. पहिले दोन महिने तीच ओळ, तीच ओळ. ती ओळ त्यांनी फोनमध्ये तयार ठेवलेली दिसत होती, बोट लावलं की येईल अशी. मग तिसऱ्या महिन्यात एक दिवस:

"सर्व ठीक. हालचाल आहे. हे मीच लिहितो हे तुला एव्हाना कळलं असेलच. तुझं यंत्र चालत नव्हतं. तू रडलीस म्हणून पहिला पाठवला, मग थांबता येईना. रागावू नकोस."

मला तारीख आठवली. त्याच संध्याकाळी मी कधी नव्हे तो फोन केला होता, पगार वाढला म्हणून खुशीत. "बाबा, मस्त चाललंय सगळं," मी म्हटलं होतं, "असंच चालू राहू दे!" देवा रे. त्यांना वाटलं मी वाचलं, आणि हे माझं उत्तर.

त्यानंतर बाबा सुटलेच होते. "सर्व ठीक. हालचाल आहे. खिडकीत कबुतरीण घरटं करतेय, काड्या फार वाईट निवडते." "सर्व ठीक. हालचाल आहे. आज तुझ्या आईचं कपाट उघडलं. बंद केलं. उद्या परत बघतो." तोंडावर "ठीक आहे" म्हणून फोन ठेवणारा माणूस दिवसातून सात वेळा माझ्याशी बोलत होता. आणि माझा पहारेकरी पहिले दोन शब्द बघायचा, टिक करायचा, पुसायचा.

मी वाचत वाचत मेसेज खाली सरकवत गेले आणि एका जागी थांबले. सात महिन्यांपूर्वीची तारीख. माझा मोठ्या हुद्द्यासाठीचा इंटरव्ह्यू त्याच दिवशी होता.

दुपारी दोन. "सर्व ठीक. हालचाल आहे. बाथरूममध्ये पाय घसरला. उठता येत नाहीये. घाबरू नकोस, इंटरव्ह्यू झाला की ये. घाई नाही."

दुपारी चार. "सर्व ठीक. हालचाल आहे. लादी गार लागतेय. कसा झाला इंटरव्ह्यू?"

संध्याकाळी सहा. "सर्व ठीक. हालचाल आहे. वाचून निघाली असशील म्हणून फोन केला नाही. अंधार झाला, दिव्यापर्यंत हात पोचत नाही. आतून कडी नाही, किल्लीने उघडेल."

रात्री आठ. "सर्व ठीक. हालचाल आहे. खालचे शिंपीदादा सदरा द्यायला आले, त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, त्यांनीच उचललं. आता तू दमली असशील, उद्या ये."

सहा वाजता मी कुठे होते ते मला लख्ख आठवत होतं. इंटरव्ह्यू छान झाला म्हणून ऑफिसातल्या चौघींबरोबर हॉटेलात बसून हसत होते. फोन पर्समध्ये. पहारेकऱ्याने दोनला टिक केली, चारला केली, सहाला केली.

पुढच्या दिवशी सकाळी आठला नुसतंच "सर्व ठीक. हालचाल आहे." दहाला तेवढंच. पुढचा सबंध महिना तेवढंच.

त्या महिन्यात मी एकदा गेले होते त्यांच्याकडे. कोपऱ्यात काठी दिसली. "ही कधीपासून?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे विचित्र बघितलं आणि "झाली थोडे दिवस" म्हणाले. मला वाटलं, वय झालं, चिडतात हल्ली. आणि वर मीच फुरंगटून आले होते.

 पर्स उचलली आणि निघाले. ढापण्या मागून काहीतरी म्हणाला, ते ऐकलं नाही.

माझ्याजवळची किल्ली लावून मी दार उघडलं तेव्हा चारला दोन मिनिटं कमी होती. बाबा खिडकीपाशी बसले होते. चष्मा कपाळावर, बटणवाला फोन नाकाला लावलेला, आणि अंगठ्याने एकेक बटण चारचारदा दाबत होते.

"आलीस? बस जरा," ते वर न बघता म्हणाले. "चारचा जाऊ दे, मग चहा टाकतो. या फोनची बटणं म्हणजे नुसती शिक्षा आहे. म्हणून आज थोडक्यात आटपतोय."

माझ्या पर्समध्ये फोन वाजला. सर्व ठीक, हालचाल आहे. मी दारातच मटकन खाली बसले.

"अगं! काय झालं तोफे? चक्कर आली?" बाबा काठी टेकत उठायला लागले. मी नको नको म्हणत उठून त्यांच्यासमोर जाऊन बसले. दुरुस्त झालेला फोन मधे ठेवला. 

तेवढ्यात त्यांनीच गाडी वळवली. "आलीच आहेस तर एक विचारू? किती महिने विचारीन म्हणतोय."

"विचारा."

"त्या दिवशी तू का आली नाहीस?" आवाज अगदी साधा होता, पातळी विचारावी तसा. "राग नाही हं. मोठा इंटरव्ह्यू होता, मला कळतं. पण नंतरही त्याचं नावसुद्धा काढलं नाहीस, म्हणून. मी म्हटलं, हिला लाज वाटत असेल. आपण कशाला उकरून काढा?"

किती सोपं होतं सांगणं की फोन बिघडला होता. जिभेवर आलंही होतं. पण फोन मधेच पडला होता, नवी काच लावून, आणि मला माझीच किळस आली.

"बाबा, मी वाचलंच नाही."

"त्या दिवशीचं?"

"कुठलंच. पहिला आठवडा सोडून एकही नाही. 'सर्व ठीक' दिसलं की पुसून टाकायचा, असा प्रोग्रॅम लावला होता मी. तुम्ही लिहिता हे मला आज दुपारी कळलं."

बाबा बघतच राहिले.  मी वाट बघत होते की आता भडकतील, काठी आपटतील. भडकले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुला माहीतच नव्हतं?"

"नव्हतं."

"शप्पथ?"

"तुमची शप्पथ, बाबा."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतायत. हात काढले तर हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते. "अगं मग ठीक आहे की! मला वाटलं, पोरीने वाचलं आणि आली नाही. सात महिने मी स्वतःला समजावतोय, की असतं एकेकाचं काम. तुला माहीतच नव्हतं!" त्यांना एवढं हलकं झालेलं मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. 

मग हसू हळूहळू थांबलं. ते काहीतरी मोजत असल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले.

"एकही नाही?"

मी मान हलवली.

"कबुतरिणीचं?"

"नाही."

"आईचं कपाट आवरलं, त्याचं? चार दिवस लिहीत होतो."

"नाही, बाबा."

 ते खिडकीबाहेर बघायला लागले. कट्ट्यावर एक मोडकं घरटं होतं, खरोखरच वाईट काड्यांचं. मी त्यांच्या पायाशी सरकले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. 

मग त्यांनी नीट झालेला फोन उचलला, चष्मा डोळ्यांवर आणला आणि मेसेज उलटे सरकवत अगदी सुरुवातीला नेले. घसा खाकरला आणि वहीतून वाचावं तसं वाचायला लागले. "तारीख बारा. दुपारी दोन एकतीस. सर्व ठीक. हालचाल आहे. दुपारी चार. सर्व ठीक. हालचाल आहे."

"ते प्रत्येक वेळी कशाला, बाबा? पुढचं वाचा ना."

"नोंद पूर्ण वाचायची असते," ते म्हणाले. "तू अर्धीच वाचलीस म्हणून तर हे झालं."

मी ऐकत बसले. मधे त्यांनी चहा केला, तो निवला. काही दिवस त्यांनी भरभर ओलांडले. पण कबुतरीण आली, कपाट आलं, तिथे कुठे ते थांबून आणखी सांगायचे, कुठे हसायचे. मग एका तारखेला त्यांचा आवाज थांबला. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"हे तू वाच."

मी वाचलं. मोठ्याने, पूर्ण. "दुपारी दोन. सर्व ठीक. हालचाल आहे. बाथरूममध्ये पाय घसरला. उठता येत नाहीये. घाबरू नकोस, इंटरव्ह्यू झाला की ये. घाई नाही." 

"आले, बाबा," मी म्हटलं.

"उशीर केलास," बाबा म्हणाले, आणि काठी घेऊन चहा परत गरम करायला उठले.